जुन्या विद्युत् गिटारीचे मोल

जुनी वस्तू विकावयास काढली म्हणजे आपण प्रथम काय करतो? धूळ झटकतो, पितळ चिंचेने घासतो, लाकडावर पॉलिश चढवतो. घरातल्या भांड्यांच्या आणि कपाटांच्या बाबतीत हे शहाणपणच होय. परंतु अमेरिकेतील जुन्या वाद्यांच्या बाजारात नेमके हेच शहाणपण मालकाला महागात पडते. वादकाच्या पश्चात त्याची गिटार विकण्याची वेळ बहुधा त्याच्या पत्नीवर वा मुलांवर येते, आणि एका दुपारच्या साफसफाईत ती माणसे आपलेच मोठे नुकसान करून घेतात. असे का व्हावे, हे समजण्यासाठी आधी त्या वाद्याची ओळख करून घेऊ.

नृत्याच्या वाद्यवृंदात ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे साध्या गिटारीचा आवाज ऐकूच येत नसे. म्हणून तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविण्याची युक्ती निघाली. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक तो मोठा करतो. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथील गिब्सन कारखान्याने १९३६ साली ईएस-१५० ही पोकळ पेटीची विद्युत् गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन या जाझवादकाने ती गाजविली. १९४९ साली ईएस-१७५ आली. तिची किंमत १७५ डॉलर होती आणि त्यावरूनच तिचे नाव पडले. पुढे जिम हॉल, जो पास यांच्यासारख्या वादकांनी हीच जातीची गिटार हाती धरली.

या वेटोळ्यात आसपासच्या विजेची घरघरही शिरत असे. सेथ लव्हर या गिब्सनमधील तंत्रज्ञाने दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून ती घरघर आपापसांत नाहीशी केली. १९५७ पासून ही जोडवेटोळी गिटारींवर बसू लागली. त्यांच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची लहानशी चिठ्ठी असे. आज तशी एक सुटी जोडी हजारो डॉलरांना जाते. साहजिकच अस्सल भाग काढून दुसरे बसविण्याचा आणि खोट्या चिठ्ठ्या चिकटविण्याचा मोह अनेकांना होतो. म्हणूनच जाणता गिऱ्हाईक गिटार वाजवून पाहतो, त्याहून अधिक वेळ तिच्या पोटात डोकावतो.

तो काय पाहतो? पेटीतील चिठ्ठीवरचा क्रमांक पाहतो. पण १९६० नंतरच्या दशकात गिब्सनने तेच क्रमांक पुनःपुन्हा वापरले असल्याने तेवढ्यावर विसंबत नाही. आवाज कमीजास्त करणाऱ्या कळीच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. समजा, तेथे १३४६२१४ असे असेल, तर १३४ ही सेंट्रलॅब कंपनीची खूण, ६२ हे साल आणि १४ हा त्या सालातला आठवडा. अर्थात गिटार त्यापूर्वीची असू शकत नाही. मग तो डाख पाहतो. कारखान्यातला मूळ डाख अभंग असेल, तर आतले भाग बदललेले नाहीत असा भरवसा बसतो.

आता साफसफाईने काय बिघडते ते ध्यानात येईल. जुन्या रोगणावर बारीक तडे पडतात. ते वयाचे लक्षण आहे, रोग नव्हे. नवे रोगण चढविले की किंमत साधारणतः निम्म्यावर येते, असा या व्यापारातला ठोकताळा आहे. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसावी, तेवढे पुरे. पडदे झिजून बदललेले असले तर फारसे बिघडत नाही. मोडून जोडलेली मान मात्र, सांधा कितीही बेमालूम असो, किंमत फार खाली आणते.

एक अपवाद आहे. काही गिटारींवरची सेल्युलॉइडची पट्टी कालांतराने कुजू लागते. बंद पेटाऱ्यात तिच्या आम्लयुक्त वाफा धातूचे भाग खातात. अशी पट्टी काढून, टाकून न देता, वेगळी मोकळ्या हवेत ठेवावी.

गिटार देशाबाहेर विकावयाची तर कायदाही पाहावा लागतो. जुन्या गिटारींच्या पडद्यांखालची पट्टी पुष्कळदा ब्राझीलच्या शिसवीची असते. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी असल्याने, वस्तू त्यापूर्वीची असल्याचा दाखला काढावा लागतो. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी गिटारींत तिची जागा पुष्कळशी आपल्याकडच्या शिसवीने घेतली. दोन्ही लाकडे दिसावयास जवळची, पण नियम निराळे. म्हणून लाकूड जाणकाराकडून ओळखून घ्यावे.

राहता राहिला भाव. दुकानदाराला पुढे विकावयाची असते, म्हणून तो कमी देतो, पण रोख देतो. त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवल्यास दलाली जाते व थांबावे लागते, तरी हाती अधिक येते. दोघा-तिघा जाणकारांचे मत घेतल्यावाचून सौदा करू नये. आणि बदललेली खुंटी, जोडलेला सांधा, जे ठाऊक असेल ते आपण होऊन लिहून द्यावे. दोष सांगितल्याने चार पैसे कमी येतील. पण लपविलेला एक दोष उघडकीस आला, की उरलेल्या अस्सल भागांवरचाही गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो आणि सारा सौदा बसतो.