डावी खुर्ची कुणाची?

इंदूरहून धारच्या रस्त्याला लागलं की विमानतळाचा फाटा मागे पडतो आणि तासाभरात बेटमा येतं. देपालपूर तहसिलीतलं, सोयाबीन-गव्हाचं गाव. गुरू नानकांच्या आठवणीचा गुरुद्वारा इथे आहे. पीथमपूरच्या कारखान्यांमुळे ट्रकांची वर्दळही बरीच. विमान कंपन्या एक झाल्या की वैमानिकांत होणाऱ्या भांडणाशी या गावाचं तसं देणंघेणं नाही. पण दोन तोलामोलाची घराणी एका कागदावर आली की पहिला प्रश्न 'वर कोण?' हाच असतो, हे माळव्यातल्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको.

बेटमा होळकरांच्या मुलखातलं. १९४८ साली होळकरांचं इंदूर, शिंद्यांचं ग्वाल्हेर आणि भोवतालची लहानमोठी संस्थानं मिळून मध्य भारत राज्य झालं. २८ मे रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानीवरून एकमत होईना, तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी तोड काढली गेली. राजेरजवाड्यांचं भागलं. प्रश्न उरला तो नायब तहसीलदार, ओव्हरसियर, हेडक्लार्क या मंडळींचा. दोन्हीकडे पदाचं नाव एकच, काम वेगळं, पगार वेगळा. मग बढती आधी कुणाला?

हे पुरतं मिटतंय तोवर १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल एकत्र करून नवा मध्य प्रदेश झाला आणि ज्येष्ठतेच्या याद्यांचा खेळ नव्याने मांडला गेला. या वेळी मात्र खेळाआधी नियम ठरले होते. मे १९५६ मध्ये राज्यांच्या मुख्य सचिवांच्या बैठकीत चार कसोट्या मान्य झाल्या: पदाचं स्वरूप आणि कर्तव्यं, त्या पदावरच्या माणसाचे अधिकार आणि हाताखालचा मुलूख, भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि पगार. पगार मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यातली गोम अशी की पगाराच्या आकड्यावर यादी लावली असती, तर सढळ हाताच्या संस्थानातला कारकून हात आखडलेल्या संस्थानातल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला असता. एवढं करूनही मध्य प्रदेशातल्या इंजिनिअरांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच. पी. के. रॉय यांच्या नावाने ओळखला जाणारा तो निकाल ज्येष्ठतेच्या खटल्यांत वकील आजही काढून दाखवतात.

आता विमानांकडे वळू.

सरकारी नोकराला ज्येष्ठता म्हणजे बढतीची वेळ. वैमानिकाला ती त्याहून पुष्कळ जास्त असते. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या. डावी कमांडरची, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. उजवी को-पायलटची, तिला तीन. उजवीकडून डावीकडे सरकायला हातभर अंतर, पण त्यासाठी वर्षानुवर्षं यादीत वर सरकावं लागतं. कमांड कधी मिळणार, छोट्या विमानावरून रुंद पोटाच्या मोठ्या विमानावर कधी जाणार, बेस मुंबई की दुसरीकडे कुठे, दिवाळीची रजा कुणाची मंजूर होणार, आणि मंदी आली तर घरी आधी कोण जाणार, हे बहुतेक यादीतला क्रमांक ठरवतो. आणि हा क्रमांक बरोबर नेता येत नाही. एका कंपनीत पंधरा वर्षं काढलेला माणूस दुसरीकडे गेला की अनुभव त्याचा, पण यादीत सहसा तळ. म्हणून वैमानिक आपल्या क्रमांकाकडे शेतकरी सातबाऱ्याकडे बघतो तसा बघतो.

दोन कंपन्या एक झाल्या की त्यांच्या दोन याद्या एकमेकांत विणाव्या लागतात. समजा, एक कंपनी जुनी आणि संथ आहे. तिथे १९९५ साली लागलेला वैमानिक अजून उजव्या खुर्चीत आहे. दुसरी नवी, झपाट्याने वाढलेली. तिथे २००१ साली लागलेला माणूस कमांडर होऊन बसलाय. रुजू झाल्याच्या तारखेवर यादी लावा, पहिला खूश. आजच्या पदावर लावा, दुसरा खूश. दोघंही आपलीच रीत न्यायाची म्हणणार, आणि गंमत म्हणजे दोघांचंही खोटं नाही. तिसरा मार्ग प्रमाणाचा: जुन्या कंपनीत कमांडर तीनशे आणि नवीत शंभर असतील, तर तिघांमागे एक असा क्रम ओवत जायचा. चौथा सगळ्यांत निर्दय: विकत घेणाऱ्यांची यादी जशीच्या तशी वर, विकल्या गेलेल्यांची तिच्या शेपटीला. आणि कुठलीही रीत धरली तरी वर कुंपण घालता येतं. तुम्ही आणलेल्या मोठ्या विमानांवर अमुक वर्षं तुमचेच लोक, आमच्यांवर आमचे. कुंपणाने भांडण संपत नाही, पण थंड व्हायला अवधी मिळतो.

आपल्याकडचं मोठं उदाहरण एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात या दोन संस्थांची कामं वाटली गेली. डेक्कन एअरवेज, कलिंग, हिमालयन, भारत एअरवेज अशा कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या आणि देशातलं आकाश तिच्याकडे आलं. परदेशचं आकाश एअर इंडियाकडे राहिलं. मुख्यालयं नरिमन पॉइंटला आणि दिल्लीत. संघटनाही दोन: एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. एकाच मालकाची, म्हणजे सरकारची, ही दोन घरं पन्नासएक वर्षं वेगळ्या चुलींवर रांधत होती.

२००७ मध्ये सरकारने ती एक केली. मार्चमध्ये नवी कंपनी नोंदली गेली, ऑगस्टमध्ये विलीनीकरण अमलात आलं. बोधचिन्हाचं काम सुरेख झालं: झेपावणारा लाल हंस आणि त्याच्या पोटात कोणार्कचं नारिंगी चाक. दोन्ही घरांची खूण एका चित्रात बसली. बाकीचं काही बसेना. इंडियन एअरलाइन्सच्या विमानांचा 'आयसी' हा संकेतच मुळी फेब्रुवारी २०११ पर्यंत चालू होता. विमानावर नाव एक, तिकिटावर संकेत दोन आणि कॉकपिटमध्ये याद्या दोन.

अडचण वर सांगितलेल्या उदाहरणासारखीच होती. इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस ३२० जातीची विमानं पुष्कळ, छोटी उड्डाणं पुष्कळ. तिथल्या को-पायलटला डावी खुर्ची लवकर मिळे. एअर इंडियात बोइंगचा ताफा लहान आणि कमांडची वाट लांब, पण विमानं मोठी, मुक्काम परदेशी आणि भत्ते त्या मानाने. एकाकडे पट्ट्या आधी आल्या होत्या, दुसऱ्याकडे विमान मोठं होतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या ताटातलं दिसत होतं आणि स्वतःच्या ताटातलं जाण्याची धास्ती होती.

एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. काम एका कंपनीचं, मग पगार दोन का, हा त्यांचा सवाल. संप दहा दिवस चालला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे नाव मध्य प्रदेशात परकं नाही; सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि मग गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती होते. जानेवारी २०१२ अखेर समितीने अहवाल दिला. तारखांकडे नीट बघा. विलीनीकरण २००७ चं, आणि माणसं कशी जुळवायची याचा अहवाल २०१२ चा. १९५६ मध्ये सचिवांनी कसोट्या आधी ठरवल्या आणि राज्य नंतर झालं. इथे कंपनी आधी झाली आणि कसोट्या पाच वर्षांनी शोधल्या. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ या उलट्या क्रमात आहे, कुणाच्या हट्टात नाही. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी आपापले हिशेब मांडून ठेवले होते. आता कुठलीही यादी आली तरी ती कुणाच्या तरी हातातलं काढून घेणारीच ठरणार होती.

तसंच झालं. एअर इंडियाने बोइंगची २७ ड्रीमलायनर विमानं विलीनीकरणापूर्वीच मागवली होती. व्यवस्थापनाने ठरवलं की या विमानांच्या प्रशिक्षणाला दोन्ही बाजूंचे वैमानिक निम्मे-निम्मे पाठवायचे. गिल्ड म्हणाली, ही विमानं आमच्यासाठी आलेली, मोठी विमानं आम्ही उडवतो, आमची वाट आधीच लांब आहे. ७ मे २०१२ च्या रात्रीपासून वैमानिक एकामागून एक 'आजारी' पडू लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, व्यवस्थापनाने गिल्डची मान्यता काढून घेतली, शंभरच्या आसपास वैमानिकांना बडतर्फ केलं. सुट्टीच्या ऐन हंगामात परदेशची उड्डाणं रद्द होत राहिली. संप मिटला ३ जुलैला, ५८ दिवसांनी. आणि ज्या विमानासाठी एवढं रामायण घडलं ते पहिलं ड्रीमलायनर भारतात पोचलं सप्टेंबरात! विमान अमेरिकेतल्या कारखान्यात, आणि त्याच्या डाव्या खुर्चीवरून इथे सगळं ठप्प.

वैमानिकांच्या पगाराचे आकडे छापून त्या वेळी बहुतेकांनी त्यांना अप्पलपोटं ठरवलं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या रांगेतली शंभर माणसं अचानक आपल्या पुढे घातली, तर पगार कितीही असो, माणूस गप्प बसत नाही. शिवाय यादीतली चूक महागाई भत्त्यासारखी पुढच्या करारात भरून निघत नाही. कमांड पाच वर्षं उशिरा आली तर ती पाच वर्षं निवृत्तीपर्यंत उशिराच राहतात.

अमेरिकेत हा धंदा जुना असल्याने तिथे यावर कायदाच उभा राहिला आहे. १९७२ मध्ये अलेगेनी आणि मोहॉक या कंपन्यांच्या विलीनीकरणात सरकारी मंडळाने अट घातली: याद्या न्याय्य रीतीने जोडा, जमलं नाही तर लवादाकडे जा. पुढे ही अट सुटली. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ट्रान्स वर्ल्ड घेतली तेव्हा तिथल्या हवाईसुंदरींना सरसकट यादीच्या शेपटीला लावलं गेलं. मंदी आली आणि वीस-वीस, तीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या बायका आधी घरी गेल्या. त्यातून २००७ च्या डिसेंबरात मॅकास्किल-बाँड दुरुस्ती आली आणि जुनी अट कायद्यात बसली.

पण लवाद बसला म्हणून माणसं ऐकतात असं नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. जॉर्ज निकोलाव या नावाजलेल्या लवादाने २००७ मध्ये यादी दिली. पूर्वेकडच्या यूएस एअरवेजचे शेकडो वैमानिक तेव्हा कपातीत घरी बसलेले होते. निकोलाव यांनी त्यांना कामावर असलेल्यांच्या मागे ठेवलं. परिणामी १६-१७ वर्षांपूर्वी लागलेला पूर्वेचा माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्या पश्चिमेच्या माणसाशेजारी आला. पूर्ववाले संख्येने जास्त. त्यांनी बहुमताच्या जोरावर संघटनाच बदलली, नवी काढली आणि लवादाची यादी बासनात गेली. कंपनी एक, वैमानिकांचे तंबू दोन, मध्ये कोर्टकचेऱ्या. २०१३ मध्ये ही अख्खी कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि एकत्रित यादी अखेर २०१६ मध्ये लागली. अकरा वर्षांत कित्येकजण निवृत्त होऊन त्या यादीबाहेर गेले होते.

याउलट डेल्टा आणि नॉर्थवेस्ट. २००८ मध्ये त्यांनी दोन्हीकडच्या वैमानिकांचा एकच पगारकरार विलीनीकरण पुरं होण्याआधीच केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लवादाची यादी हातात पडली. पद आणि विमानाचा प्रकार बघून प्रमाणात ओवलेली, वर काही वर्षांची कुंपणं. कुरकुर झाली, पण विमानं उडत राहिली. निकोलाव यांची यादी काही मूर्खपणाची नव्हती. फरक एवढाच की डेल्टात यादी लागली तेव्हा पगाराचं भांडण आधीच मिटलेलं होतं आणि यादी अडवून धरण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

धर्माधिकारींची गोष्ट मात्र एअर इंडियावर थांबली नाही. आंध्र आणि तेलंगण वेगळे झाल्यावर वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची वाटणी अडली. तेलंगणाच्या कंपन्यांनी १,१५७ जणांना आंध्रचे म्हणून कार्यमुक्त केलं होतं, आंध्र त्यांना घेईना. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नोव्हेंबरात ते काम एकसदस्य समितीकडे सोपवलं, आणि तो एक सदस्य म्हणजे न्यायमूर्ती धर्माधिकारी. आधी माणसं जोडण्याचं काम, मग तोडण्याचं. दोन्हीकडे समोर पसरलेला कागद तोच: नाव, रुजू तारीख, पद.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतली. एप्रिल २०२३ मध्ये व्यवस्थापनाने वैमानिकांपुढे नवा पगारकरार ठेवला आणि एक नवल घडलं. गिल्ड आणि असोसिएशन, एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या दोन संघटना, एकत्र उभ्या राहिल्या. पंधराशेच्या वर वैमानिकांच्या सह्यांचं निवेदन थेट रतन टाटांकडे गेलं. सरकारच्या समितीला जे जमलं नव्हतं ते नव्या मालकाच्या एका कागदाने झालं.

तोवर दारात नवे पाहुणे आले होते. विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन होणार हे ठरलं होतं. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची उड्डाणं धडाधड रद्द झाली, कारण वैमानिकांची नाराजी: नव्या करारात हमीच्या उड्डाणतासांचा पगार ७० तासांवरून ४० वर येत होता. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा हे नाव पुसलं गेलं. खासगी कंपन्यांच्या याद्या जोडण्यासाठी मॅकास्किल-बाँडसारखा कायदा आपल्याकडे नाही. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, हे आता तीन घरांतून आलेल्या माणसांच्या याद्या ठरवतात.