माशीसाठी कोणतं पीस?

वैनगंगेकाठी मार्कंड्याला मासे धरणाऱ्या ढिवरांचा भरवसा जाळ्यावर. गळाला पिसांची खोटी माशी बांधण्याची कला वाढली ती युरोपात, ट्राउटच्या नद्यांकाठी.

तरंगत्या माशीला कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस लागतं. बुडत्या माशीला मऊ, पाणी पिणारं पीस हवं. प्रवाहात त्याचे तंतू हलले की किडा जिवंत भासतो. त्यासाठी कोंबडीच्या मानेचं किंवा पाठीचं पीस घ्यावं. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोहोचावेत, वेढे एक-दोनच. जास्त दिले की माशीचा झाडू होतो! यॉर्कशायरची जुनी पसंती तित्तिराला: नारिंगी रेशमी धागा आणि एक ठिपकेदार पीस, झाली माशी.

ताडोबातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची पिसं वेगळी. त्यांवरच्या मेणचट, पिवळसर ठिपक्यांवर सामन माशासाठी खोट्या माशा बांधणारे कारागीर फिदा असत. पण ती सजावटीची, मऊ कामाची नव्हेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी संरक्षित आहे. रानात पडलेलं पीसही उचलू नये.

गावरान कोंबडीचं पीस साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून बंद डबीत ठेवावं. नाहीतर कसर लागते.