आयटीआय झालं, आता गावात फॅब्रिकेशनचं दुकान टाकायचंय?

जव्हार-मोखाड्यातल्या ज्या मुलामुलींनी आयटीआयला वेल्डर किंवा फिटर ट्रेड घेतलाय, त्यांच्यासाठी आजचा विषय.

वेल्डर एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. सर्टिफिकेट मिळालं की बरेच जण बोईसर-तारापूर नाहीतर वाड्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतात. त्यात कमीपणा काहीच नाही, हात बसतो. पण दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर आणि पोरगा कंपनीत, म्हणजे घराला कुलूप ते कुलूपच. गावात राहून कमवायचं तर जोड मारता येणं पुरत नाही. आख्खी वस्तू बनवून तिचा भाव काढता आला पाहिजे.

वजनाचं सूत्र तुम्ही वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये शिकलात. परीक्षेनंतर ते वहीतच राहतं, खरा धंदा मात्र त्यावरच चालतो. ४ बाय ३ फुटांची खिडकीची ग्रील घ्या. फ्रेम १४ फूट, आत ४ फुटी ७ आडवे बार, एकूण ४२ फूट, म्हणजे १२.८ मीटर. १० एमएमचा चौकोनी बार मीटरला ०.७८५ किलो भरतो. झाले साधारण १० किलो. (गोल बार असेल तर एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२.)

आता हिशेबापुरते दर धरू. लोखंड ७० रुपये किलोने ७००. वेल्डिंग रॉड, प्रायमर, वीज आणि वाया गेलेले तुकडे १५०. माल आणणं आणि बसवणं १५०. तुमची मजुरी ३५०. एकूण १३५०, म्हणजे किलोला १३५. शेजारचा १०० सांगतो म्हणून तुम्हीही १०० सांगितलेत, तर ३५० गेले. कोणाचे? तुमच्या मजुरीचे! आणि नफा तर आपण अजून धरलेलाच नाही.

हे शिकायचं कुठे? पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे वर्षभराच्या निवासी कोर्समध्ये मुलं गावातल्या लोकांची खरी कामं करत शिकतात. शाळा सुटलेल्यांनाही जागा आहे. मला ही पद्धत फार पटते. तुम्ही आयटीआयला असतानाच मामाच्या कोंबड्यांचा पिंजरा, काकांच्या टाकीचा स्टँड करायला घ्या. जोड सरांना दाखवा, हिशेब स्वतः लिहा.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. ओल्या जागेत वेल्डिंग म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून आधी शेड, मग मोठं मशीन.

कर्जासाठी पीएमईजीपी बघा. ग्रामीण भागातल्या आदिवासी अर्जदाराला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के. फक्त नव्या युनिटला मिळतं, त्यामुळे दुकान सुरू करण्याआधी अर्ज करा. आणि ते अनुदान तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, ते हातात खेळेल असं धरून लोखंड उधार उचलू नका.