तयार मॉड्यूलमधून घरचा वीजपुरवठा

इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या टेबलावर सगळ्यात आधी लागतो तो व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा वीजपुरवठा. सौंसर-पांढुर्णा भागातल्या मोहगावसारख्या गावातही तो घरी बांधता येतो. जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर, एलएम2596 चिपचे तयार मॉड्यूल, मोजणीसाठी आयएनए219 चिपचे मॉड्यूल आणि आकडे दाखवायला आर्डुइनो बोर्ड व छोटा पडदा, एवढे मुख्य साहित्य पुरते. पहिले मॉड्यूल व्होल्टेज कमी करते. दुसऱ्यावर 0.1 ओहमचा रेझिस्टर असतो. त्यातून 1 अँपिअर प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांत 0.1 व्होल्टचा फरक पडतो आणि चिप त्यावरून प्रवाह काढते. आर्डुइनो हे आकडे छोट्या पडद्यावर दाखवतो.

जोडणी सोपी आहे. खरी मेहनत लागते ती आकडा विश्वासार्ह करायला. एलएम2596 सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद होते आणि त्याचा खरखराट बाहेरच्या व्होल्टेजमध्ये उतरतो. ऑडिओ सर्किट तपासताना तो फार नडतो, म्हणून कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर लावावाच. मग चांगल्या मल्टिमीटरशी कमी आणि जास्त अशा दोन्ही व्होल्टेजवर आकडे ताडून पाहावेत व निघालेला फरक आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये दुरुस्त करावा.

घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनला ही मॉड्यूल कधीही थेट जोडू नयेत. आयएनए219 फक्त 26 व्होल्टपर्यंत मोजते.