गेमवर लिहून पोट भरतं का?

२ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमधून निघणारं ‘गेम इन्फॉर्मर’ हे मासिक तडकाफडकी बंद झालं. सगळ्या संपादकांना नारळ मिळाला. संकेतस्थळावरचे जुने लेखही गेले, उरला फक्त निरोपाचा मजकूर. व्हिडिओ गेमला वाहिलेलं हे मासिक ३३ वर्षं चाललं होतं. २०१२च्या सुमारास त्याचे वर्गणीदार ८० लाखांच्या घरात होते, कारण ‘गेमस्टॉप’ या दुकानसाखळीच्या सभासदत्वाबरोबर अंक घरी येई. दुकानाचा धंदा बसला, तसा मासिकाचाही आधार गेला.

गेमवर लिहून करिअर होतं का, या प्रश्नाआधी म्हणूनच दुसरा प्रश्न येतो : लिहिणाऱ्याचा पगार कोण देतो?

या व्यवसायाची सुरुवात १९७९ची. बिल कंकल आणि आर्नी कॅट्झ यांनी ‘व्हिडिओ’ मासिकात ‘आर्केड अॅली’ हे सदर सुरू केलं. १९८१मध्ये जॉइस वर्ली यांच्यासह त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ काढलं. १९८३मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला आणि दोनेक वर्षांत मासिकानंही मान टाकली. १९८८मध्ये ‘निन्टेन्डो पॉवर’ आलं, पण ते ‘निन्टेन्डो’ या गेम कंपनीचंच अपत्य. स्वतंत्र मासिकं निघाली, तरी जाहिराती द्यायला गेम कंपन्याच होत्या. ज्याचा गेम तपासायचा, त्याच्याच पैशावर चूल पेटायची.

ही गाठ २००७मध्ये चव्हाट्यावर आली. ‘गेमस्पॉट’चे जेफ गेर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले. संकेतस्थळावर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गेर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या नाराजीचा दबाव होता, हे त्यांनी २०१२मध्ये उघडपणे सांगितलं. मधल्या काळात, २००८मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह ‘जायंट बॉम्ब’ हे संकेतस्थळ उभं केलं होतं.

गुणांचं वजन दुसऱ्या बाजूनंही वाढलं होतं. ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ निवडक प्रकाशनांतल्या परीक्षणांची भारित सरासरी काढतं. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ या २०१०च्या गेमची सरासरी ८४ आली. बोनससाठी अट ८५ची होती, त्यामुळे तो बनवणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ला बोनस मिळाला नाही. समीक्षकाच्या एका गुणावर कुणाची तरी कमाई अडते, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

मग काही लेखक गुणांच्या पलीकडे गेले. ‘कोटाकू’ या गेमविषयक संकेतस्थळाच्या जेसन श्रायर यांनी २०१८मध्ये ‘रॉकस्टार’ या गेम कंपनीच्या सत्तरहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून तिथल्या अतिश्रमांची बातमी दिली. गेम कसा आहे, यापेक्षा तो कुणाच्या जिवावर बनतो, हे त्यांनी लावून धरलं. २०२०मध्ये ते ‘ब्लूमबर्ग’ या वृत्तसंस्थेत गेले. तिथे पगार गेम कंपन्यांच्या जाहिरातींवर अवलंबून नव्हता. ग्रेग कसाविन यांनी उलटी वाट धरली. ‘गेमस्पॉट’चं संपादकपद सोडून ते गेम लिहू लागले. त्यांच्या ‘हेडीस’ला २०२१मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

सध्या तिसरा मार्ग रुळतो आहे : पैसा थेट वाचकाकडून. नोव्हेंबर २०२३मध्ये पाच पत्रकारांनी स्वतःच्या मालकीचं ‘आफ्टरमॅथ’ हे संकेतस्थळ सुरू केलं. ‘कोटाकू’चे माजी संपादक स्टीफन टोटिलो ‘गेम फाइल’ हे वार्तापत्र चालवतात. अनेक मालक बदललेलं ‘जायंट बॉम्ब’ २०२५मध्ये तिथल्याच लोकांनी विकत घेतलं. ‘गेम इन्फॉर्मर’लाही त्याच वर्षी नवा मालक मिळाला आणि जुना चमू परतला. पण हा नवा मालक म्हणजे एक गेम कंपनीच होती.

वाचकांच्या वर्गणीमुळे जाहिरातदाराचा धाक जातो, हे खरं. मात्र वाचक पैसे मोजतो ते ओळखीच्या नावासाठी, आणि ‘आफ्टरमॅथ’च्या पाचही जणांची नावं आधी दुसऱ्यांच्या पगारावर झाली होती. जुन्या मासिकांत नवख्याला बातमी कशी काढायची हे शिकवणारा, त्याचा मजकूर खोडून पुन्हा लिहायला लावणारा संपादक असे. चार-पाच जणांच्या संस्थेला तो खर्च झेपत नाही. नाव झालेल्यांची सोय वाचकांनी केली आहे. नाव होण्याआधीची चार-पाच वर्षं कुणी पोसायची, याचं उत्तर मात्र अमेरिकेतल्या या धंद्याकडे अजून नाही.