ठोक्याआधी पोचलेला हात

ताईला समोर बसवा आणि डोळे मिटा. तिने मनात येईल तेव्हा एक टाळी वाजवायची, आणि ती ऐकू आली रे आली की तुम्ही वाजवायची. दहा वेळा करून बघा. दहाही वेळा तुमची टाळी मागून येणार! आवाज कानात शिरणार, मेंदूला कळणार, मेंदू हाताला सांगणार, मग कुठे हात हलणार. एवढ्या धावपळीत सेकंदाचा सहावा भाग सहज खर्च होतो.

आता ताईला सांगा, एका लयीत वाजव. एक, दोन, तीन, चार... चौथ्या-पाचव्या टाळीला तुम्ही दोघं चक्क एकत्र! मग मघाचा उशीर गेला कुठे?

हे कोडं खिशात ठेवा. आधी जपानला जाऊन येऊ.

१९७८ साल. तोमोहिरो निशिकादो यांनी तायतो कंपनीसाठी एक खेळ बनवला, 'स्पेस इन्व्हेडर्स'. मोठ्या कपाटासारखं यंत्र, त्यात नाणं टाकायचं आणि खेळायचं. पडद्यावर परग्रहावरची मंडळी, पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, म्हणजे एकूण ५५. सगळी डावी-उजवीकडे सरकत हळूहळू खाली येतात आणि पाठीमागे चारच खर्जातले सूर वाजत राहतात, धम्, धम्, धम्, धम्. तुम्ही एकेकाला टिपत गेलात की उरलेले जास्त जोरात पळतात. सूरही जलद होतात. आणि खेळणाऱ्याच्या छातीतली धडधड? तीही!

गंमत म्हणजे हा वेग काही फार डोकं लढवून आणलेला नव्हता. पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलायचं, पण बिचारं यंत्र एका चित्रात एकाच परग्रहवाल्याला हलवायचं. वर्गात ५५ मुलं आणि वह्या वाटायला बाई एकट्या, तसंच. सगळ्यांनी एकेक पाऊल टाकेपर्यंत जवळजवळ एक सेकंद जायचा. दहाच उरले की सेकंदाच्या सहाव्या भागात काम फत्ते. आणि शेवटचा एकटा उरला की तो सुसाटच! निशिकादोंच्या हे लक्षात आलं, पण खेळ असाच जास्त रंगतो म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. दुसरा कोणी 'चूक' सुधारत बसला असता.

इथे लय नुसती सोबतीला होती. पुढे काही जणांनी लयीचाच खेळ केला. १९९६ मध्ये 'पाराप्पा द रॅपर' आला. त्यात पाराप्पा नावाचं कुत्र्याचं पिल्लू गात गात एकेक गोष्ट शिकतं, आणि त्याचे कराटेचे मास्तर कोण, तर डोक्याच्या जागी अख्खा कांदा असलेले गृहस्थ! मास्तर म्हणतील ते तालात म्हणून दाखवायचं, म्हणजे बटणं तालात दाबायची. १९९८ मध्ये 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आला आणि बोटांचं काम पायांकडे गेलं. पायाखाली चार बाण, पडद्यावर वर सरकणारे बाण, आणि खेळणारा घामाघूम.

माझा लाडका मात्र २००१ चा 'ताइको नो तात्सुजिन'. त्यात खराखुरा दिसणारा जपानी ढोल असतो. पडद्यावर लाल गोळा आला की ढोलाच्या मधोमध काठी मारायची, निळा आला की कडेवर. आपल्या तबल्याला जसे बोल, तसे यालाही आहेत. मधल्या ठोक्याला म्हणतात 'दोन', कडेच्या ठोक्याला 'का'. दोन म्हटलं म्हणून दोनदा मारू नका हं, तो आकडा नाही!

अशा काही खेळांत सगळ्यात वरचा शेरा हवा असेल तर ठोका नेमक्या क्षणाच्या फार तर एक चित्र अलीकडे-पलीकडे पडावा लागतो. एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. आता खिशातलं कोडं काढा. ऐकून किंवा बघून मग हात हलवायला लागतो निदान सेकंदाचा सहावा भाग, म्हणजे तब्बल दहा चित्रं. या हिशेबाने कोणालाच तो शेरा मिळायला नको. तरी पोरं तो मिळवतातच की!

कारण मेंदू ठोक्याची वाट बघत बसतच नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर तो मनात धरतो, पुढचा कधी पडणार ते ताडतो आणि हाताला आधीच निघायला सांगतो. बस येण्याआधी थांब्यावर जाऊन उभं राहावं तसं. शास्त्रज्ञांनी लोकांना एकसारख्या टकटक आवाजाबरोबर बोट आपटायला सांगून मोजलंय. बहुतेकांचं बोट आवाजाच्या किंचित आधीच पडतं, आणि त्यांना वाटतं, आपण अगदी बरोबर आहोत!

खोटं वाटतं? ताईला पुन्हा बसवा. एका लयीत टाळ्या सुरू करा, डोळे मिटलेलेच. फक्त तिच्या कानात आधी सांगून ठेवा, मनात येईल तेव्हा, न सांगता, एकदम थांब. ती थांबेल. आणि त्या शांततेत तुमची एकट्याचीच टाळी वाजेल.