समाजमाध्यमे : कंपनीची पत आणि कर्मचाऱ्यांचा जिव्हाळा

आजचे युग हे माहितीचे युग आहे. २००४ साली फेसबुक व २००९ साली व्हॉट्सअ‍ॅप आले आणि आता मोहाडीच्या बाजारातला लहान दुकानदारही मालाचे फोटो मोबाईलवर पाठवितो. आपले अनेक विद्यार्थी उद्या कंपन्यांत नोकरीला लागतील, काही स्वतःचा उद्योग काढतील. म्हणून या माध्यमांचा योग्य उपयोग कसा करावा, याचा येथे थोडक्यात विचार करू.

कंपन्या ज्याला 'ब्रँड' म्हणतात, त्याला आम्ही बँकेतील माणसे 'पत' म्हणतो. पत जाहिरातीने विकत मिळत नाही. दिलेला शब्द पाळल्याने ती हळूहळू वाढते आणि एका खोट्या व्यवहाराने जाते. ग्राहकाशी रोज बोलतो तो कर्मचारी. तोच मनातून नाराज असेल, तर रंगीत जाहिरातीचा काय उपयोग?

हा विचार आपल्याला नवीन नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांची मदत केली, तर 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' निघाले. या पत्रांनी दोन कामे एकाच वेळी केली. समाजाची बाजू बाहेरच्या जगापुढे मांडली आणि खेडोपाडी विखुरलेल्या माणसांना 'हे आपले आहे' ही जाणीव दिली. समाजमाध्यमांकडून कंपन्यांची अपेक्षा हीच असते. पण पुष्कळ ठिकाणी पहिल्या कामासाठी दुसरे विसरले जाते.

एका कार्यालयाचे उदाहरण आम्ही जवळून पाहिले आहे. त्याच्या फेसबुक पानावर फक्त साहेबांच्या सत्काराचे फोटो असत. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री दहा वाजता हुकूम येत आणि ते फोटो पुढे पाठविण्याची सक्ती होई. सर्वजण निमूटपणे अंगठा दाखवीत. कोणी अडचण मांडली तर उत्तर मात्र येत नसे. अशा अंगठ्यांना आपुलकी म्हणता येत नाही.

याउलट आपल्या तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे कापड घ्या. ऐन-अर्जुनाच्या झाडावरचा कोश, त्यातून निघणारा धागा, मागावर बसलेला विणकर, हे सारे त्याच्या संमतीने व त्याच्या नावासह दाखविले, तर गिऱ्हाईकाला कापडाची खरी किंमत कळेल आणि विणकरालाही मान मिळेल. मात्र त्याबरोबर त्याची मजुरीही वेळेवर मिळाली पाहिजे. फोटो हा मजुरीचा पर्याय नव्हे.

आमच्या मते चार गोष्टी पाळाव्यात. कामाचे श्रेय करणाऱ्याच्या नावाने द्यावे. तक्रारीला उत्तर द्यावे व चूक झाल्यास ती मान्य करावी. सुटीच्या वेळी निरोपांचा भडिमार करू नये व कोणावर सक्ती करू नये. ग्राहकाचे खाते, फोन नंबर यांसारखी माहिती कधीही टाकू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नोकरी देणारे आजकाल उमेदवाराने समाजमाध्यमांवर काय लिहिले आहे तेही पाहतात. तथागत बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा सांगितली आहे. खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड टाळणे, हा तिचा अर्थ. मोबाईलचे बटन दाबण्यापूर्वी एवढे आठवले, तर कंपनीची, आपल्या संस्थेची आणि स्वतःचीही पत वाढल्याशिवाय राहणार नाही.

जय भीम!